फोटोतील शिखरांवर ॲप चुकीची नावे दाखवत असेल तर काय तपासावे

राजगडाचे नाव तोरण्याच्या माथ्यावर बसते, कळसूबाईच्या जागी कोणत्या तरी अनोळखी टेकडीचे नाव येते, किंवा समोर डोंगरांची रांग स्वच्छ दिसत असताना पडद्यावर एकही नाव उमटत नाही. पीकफाइंडर किंवा पीकव्हायझर यांसारखी शिखरे ओळखणारी ॲप वापरणाऱ्यांच्या तक्रारी साधारण अशाच असतात आणि ट्रेकनंतर असे फोटो दुरुस्त करून देण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते. तक्रारी अनेक असल्या तरी त्यांमागची कारणे मोजकी आहेत आणि त्यांतली बरीचशी फोन हातात असतानाच पाच मिनिटांत दूर करता येतात.

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. ही ॲप फोटोतला डोंगर ‘ओळखत’ नाहीत. फोटो कुठून काढला, कोणत्या दिशेला काढला आणि त्यात किती अंशांचा देखावा मावला आहे, हे तीन आकडे घेऊन ती जमिनीच्या उंचीच्या साठवलेल्या माहितीवरून त्या जागेचे क्षितिज रेखाटतात आणि त्या रेषेवरील नावे फोटोवर ठेवतात. त्यामुळे नाव चुकले की डोंगराच्या आकाराकडे पाहत बसण्यापेक्षा या तीन आकड्यांपैकी कोणता चुकला ते शोधावे. केवळ दिसण्यावरून अंदाज बांधणारी, म्हणजे कोणत्याही फोटोतली कोणतीही वस्तू सांगू पाहणारी साधने वेगळी. त्यांचा कल प्रसिद्ध नावाकडे असतो आणि सह्याद्रीतल्या सपाट माथ्यांच्या, एकसारख्या दिसणाऱ्या डोंगरांपुढे ती फार लवकर गोंधळतात. तशा साधनाने दिलेल्या नावाची दुरुस्ती करण्यात वेळ घालवू नये. तो फोटो आधी क्षितिज रेखाटणाऱ्या ॲपमध्ये घालावा आणि मग पुढे वाचावे.

उदाहरणासाठी सिंहगड घेतो, कारण तिथून काढलेले फोटो बहुतेकांकडे असतात. झुंजार बुरुजावरून नैर्ऋत्येकडे पाहिले की डावीकडे राजगड आणि उजवीकडे तोरणा दिसतो. सरळ रेषेत राजगड सुमारे १५ किलोमीटरवर आणि तोरणा सुमारे १७ किलोमीटरवर आहे. दोघांच्या दिशांमध्ये साधारण २४ अंशांचे अंतर पडते.

लक्षणे

नाव चुकले एवढेच पाहून थांबू नये. ते कसे चुकले ते पाहावे. निम्मे निदान तिथेच होते.

सगळी नावे एकाच बाजूला आणि सारख्याच अंतराने सरकलेली असतील, तर दिशा चुकली आहे.

फोटोच्या मध्यावरची नावे बरोबर आणि कडांकडे जाता जाता चूक वाढत गेलेली असेल, तर दृश्यकोन, म्हणजे फोटोत किती अंशांचा देखावा आहे तो आकडा, चुकला आहे.

दूरची शिखरे जुळतात पण जवळच्या टेकड्या जुळत नाहीत, असे असेल तर जागा चुकली आहे. बाजूला शंभर मीटरची चूक झाली तर दोन किलोमीटरवरची टेकडी जवळजवळ तीन अंशांनी हलते, पण ३० किलोमीटरवरचे शिखर अंशाच्या पाचव्या हिश्श्याएवढेच हलते. म्हणून दूरचे जुळलेले पाहून निश्चिंत होऊ नये.

समोर दिसणारे डोंगर ॲपच्या रेषेत नाहीतच, किंवा अर्धे झाकलेले दाखवले जात असतील, तर उंचीत गोंधळ आहे. क्षितिजाची रेषा फोटोशी तंतोतंत जुळते आणि तरीही नाव भलतेच येते किंवा येतच नाही, तेव्हा दोष नावांच्या यादीत असतो. आणि काहीच कशाशी जुळत नसेल, तर बहुधा फोटो उलटा आहे किंवा त्याच्यासोबत असायची माहिती गळून पडली आहे.

पहिली तपासणी: फाइल मूळ आहे का

ही सर्वांत सोपी, फुकट आणि तरीही सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक. फोटो काढताना फोन त्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती लिहून ठेवतो: वेळ, अक्षांश-रेखांश, लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंथ, ज्यावरून दृश्यकोन ठरतो), काही फोनांत कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते तेही. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान केला जातो आणि ही माहिती जवळजवळ सगळी निघून जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते. ग्रुपवर आलेला फोटो ॲपमध्ये घालून नावे चुकली म्हणून तक्रार करण्याआधी ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवावी.

फाइल मूळ असूनही लोकेशन रिकामे असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी बंद आहे. ती पुढच्या वेळेसाठी चालू करावी. झालेल्या फोटोसाठी जागा नकाशावर हाताने ठेवावी लागेल.

दुसरी तपासणी: फोटो आरशातला तर नाही ना

पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो काही फोन आरशात दिसावे तसे डावे-उजवे उलटून साठवतात. जुन्या पारदर्शिका (स्लाइड) स्कॅन करताना फिल्म उलटी ठेवली गेली तरी हेच होते, आणि डोंगराच्या फोटोत पाटी किंवा अक्षर नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. सिंहगडावरून तोरणा डावीकडे आणि राजगड उजवीकडे दिसत असेल, तर फोटो उलटा आहे; दुसरे काही तपासायची गरज नाही.

मात्र डावे-उजवे ठरवताना आपण कोणत्या बाजूने पाहतो आहोत याचे भान ठेवावे. अलंग, मदन आणि कुलंग हे त्रिकूट उत्तरेकडून, आंबेवाडीच्या बाजूने पाहिले तर डावीकडून त्याच क्रमाने दिसते; रतनगडावरून उत्तरेकडे पाहिले तर क्रम उलटा होऊन कुलंग, मदन, अलंग असा लागतो आणि त्यांच्या उजवीकडे कळसूबाई येते. कळसूबाईच्या माथ्यावरून तर ते जवळजवळ एकामागे एक उभे असल्यासारखे भासतात. ‘अलंग-मदन-कुलंग’ हा तोंडी बसलेला क्रम सगळीकडून तसाच दिसेल असे धरून चालणारे ॲपला उगाच दोष देतात.

तिसरी तपासणी: जागा

फाइलमधले अक्षांश-रेखांश नकाशावर उघडून पाहावेत. गडावर पोचताच कॅमेरा उघडला तर फोनला नवे स्थान मिळण्याआधी जुनेच स्थान फोटोवर लिहिले जाऊ शकते. सिंहगडावर काढलेल्या फोटोवर पायथ्याच्या आतकरवाडीचे स्थान नोंदले गेले, तर ॲपच्या दृष्टीने तुम्ही गडाच्या उत्तरेकडच्या पायथ्याशी उभे आहात आणि दक्षिणेकडचे सगळे गडाच्या उतारामागे झाकलेले आहे. पडद्यावर एकही नाव न येण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. उपाय सोपा आहे: जागेची खूण हाताने उचलून बुरुजावर ठेवावी.

वेगळ्या कॅमेऱ्याने फोटो काढून नंतर फोनच्या जीपीएस नोंदीशी वेळ जुळवणाऱ्यांनी कॅमेऱ्याचे घड्याळ पाहावे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. तिकडून आल्यावर कॅमेऱ्याची वेळ बदलली नसेल, तर चालत असताना काढलेला प्रत्येक फोटो पाव तास पुढच्या जागेवर जाऊन बसतो.

चौथी तपासणी: दिशा

फोनमधले होकायंत्र चुंबकीय असते आणि ते फसवणे अगदी सोपे असते. चुंबकाचे झाकण असलेले कव्हर, गाडीत फोन लावण्यासाठी मागे चिकटवलेली लोखंडी पट्टी, धातूचा ट्रायपॉड, शेजारी ठेवलेला स्पीकर, यांतले काहीही दिशा दहा-वीस अंशांनी सहज हलवते. कव्हर काढावे, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा काही वेळा फिरवावा आणि पुन्हा पाहावे. सह्याद्रीत आणखी एक भानगड आहे. इथला कातळ बेसॉल्टचा असून त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, आणि वीज पडलेल्या माथ्यावरच्या खडकाजवळ सुई चांगलीच भरकटू शकते. म्हणून फोन कातळावर टेकवून दिशा घेऊ नये, उभे राहून छातीच्या उंचीवर घ्यावी. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मात्र आपल्याकडे मनात आणू नये. महाराष्ट्रात तो एक अंशाच्या आत आहे आणि नावे दुसऱ्या डोंगरावर जाण्याइतका नाही.

फोटो आधीच काढलेला असेल तर होकायंत्र दुरुस्त करून उपयोग नाही. अशा वेळी खात्रीने ओळखता येणारे एक शिखर धरावे आणि ॲपमधली क्षितिजरेषा बोटाने ओढून त्याच्यावर बसवावी. दिशेचीच चूक असेल तर बाकीची नावे आपोआप जागेवर येतात. न आल्यास रेषा ओढत बसू नये, पुढच्या तपासणीकडे जावे. एका शिखरावर रेषा जुळली म्हणून सगळे जुळले असे मानणे हा या कामातला सर्वांत मोठा सापळा आहे, कारण कोणतीही रेषा कोणत्याही एका टोकावर बसवता येते. फोटोच्या डाव्या भागात एक, मध्यावर एक आणि उजव्या भागात एक, असे निदान तीन ठिकाणी टोक आणि खिंड दोन्ही जुळली पाहिजेत. खिंडी पाहण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. शिखराच्या टोकावर झाड, मंदिर किंवा ढग असू शकतो, पण दोन डोंगरांमधल्या खिंडीचा आकार सहसा फसवत नाही.

ओळखीचे एकही शिखर नसेल तर सूर्य उपयोगी पडतो. काही ॲप त्या दिवशीचा सूर्याचा मार्ग क्षितिजावर काढून दाखवतात. फोटोत उगवता किंवा मावळता सूर्य असेल तर तो त्या मार्गावर बसवावा. दिशा फार अचूक मिळते. सूर्य पूर्वेलाच उगवतो असे धरून हिशेब करणाऱ्यांसाठी सांगायचे तर २२ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे नेमक्या ट्रेकच्या हंगामात, तो आपल्या अक्षांशावर पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो.

पाचवी तपासणी: दृश्यकोन

बहुतेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेत २६ मिलिमीटरच्या आसपास असते. अशा आडव्या फोटोत सुमारे ६७ अंशांचा देखावा मावतो. ॲप हा आकडा एक्झिफमधून घेते. आता तोच फोटो कोणी दोन्ही बाजूंनी कापून निम्म्या रुंदीचा केला, तर एक्झिफमध्ये आकडा जुनाच राहतो आणि ॲप अजूनही ६७ अंश धरून बसते.

झुंजार बुरुजावरच्या फोटोत हे मोजून पाहता येते. राजगड आणि तोरणा मध्याच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर असतील, तर मूळ फोटोत त्यांच्यामधले अंतर फोटोच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश येते. कापलेल्या फोटोत ते दोन तृतीयांश होते. ॲप मात्र दोन्ही नावे एक तृतीयांश अंतरावरच लिहिते, त्यामुळे ती गडांवर न बसता मधल्या डोंगरधारेवर एकमेकांजवळ गोळा होतात. नावे अशी मध्याकडे दाटलेली दिसली की फोटो कापलेला आहे किंवा डिजिटल झूम वापरला आहे असे समजावे. उलट नावे बाहेरच्या बाजूला फाकलेली दिसली तर फोटो जास्त रुंद लेन्सने काढला आहे आणि ॲपला ते कळलेले नाही.

उपाय दोन आहेत. न कापलेला फोटो मिळवावा, हा पहिला आणि उत्तम. तो मिळत नसेल तर ॲपमध्ये दोन बोटांनी क्षितिजरेषा ताणून किंवा आक्रसून दोन दूरदूरच्या ओळखीच्या शिखरांवर एकदम बसवावी.

पॅनोरमा फोटोला यातले काहीच नीट लागू होत नाही. फोन फिरवत काढलेल्या फोटोत अनेक चौकटी एकमेकींना शिवलेल्या असतात, त्यांची भूमिती साध्या फोटोसारखी नसते आणि हात वर-खाली झाला असेल तर क्षितिजच लाटेसारखे वाकते. त्यावर एकसंध रेषा बसवण्याचा हट्ट सोडावा आणि त्याच जागेवरून काढलेले सुटे फोटो वापरावेत. अतिरुंद लेन्सच्या फोटोतही कडांजवळची शिखरे ताणली जातात, म्हणून ओळखायचे शिखर मध्याजवळ असलेला फोटो निवडावा.

सहावी तपासणी: कड्याची कड आणि उंची

ही तपासणी थोडी किचकट आहे, पण सह्याद्रीसाठी सर्वांत महत्त्वाची तीच, आणि परदेशी डोंगरांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये ती सहसा सापडत नाही. आपले माथे सपाट आणि कडा एकदम तुटलेल्या. कोकणकड्याच्या धारेवर आडवे होऊन फोटो काढला आणि जीपीएसने तुम्हाला चाळीस-पन्नास मीटर मागे पठारावर दाखवले, तर ॲपच्या हिशेबात तुमच्या डोळ्यांसमोर पठाराची कड आडवी येते आणि खालचा सगळा कोकणाकडचा भाग तिच्यामागे लपतो. शिवाय ॲपकडची उंचीची माहिती चौकटींची असते, म्हणजे जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाला उंचीचा एकच आकडा दिलेला असतो. त्यातली बरीचशी माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने घेतलेल्या मोजमापांवर आधारलेली आहे आणि तिची चौकट साधारण ३० मीटरची आहे. कड्याच्या धारेवरच्या चौकटीत वरचे पठार आणि खालची दरी यांची सरासरी येते, म्हणजे धार प्रत्यक्षापेक्षा खचलेली आणि गोलसर होते.

यावर उपाय म्हणजे जागेची खूण नेमकी धारेवर सरकवावी आणि ॲपमध्ये निरीक्षकाची उंची वीस ते पन्नास मीटरने वाढवून पाहावी. लपलेले डोंगर एकदम वर येतात. दूरच्या शिखरांच्या आडव्या जागेवर याचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे ही सूट घ्यायला हरकत नाही.

इथे फोनने दाखवलेली समुद्रसपाटीपासूनची उंची आंधळेपणाने भरू नये. जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. भारताच्या भागात प्रत्यक्ष समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. महाराष्ट्रात या फरकामुळे दुरुस्त न केलेली जीपीएस उंची साठ मीटरांच्या आसपास कमी येते. सिंहगडाचा माथा १३१२ मीटर असताना एखादा अँड्रॉइड फोन १२५० च्या जवळपासचा आकडा दाखवतो तो त्यामुळे. ॲपने तोच आकडा घेतला तर तुम्ही जमिनीच्या पोटात उभे आहात असा त्याचा समज होतो. उंची नेहमी ‘जमिनीपासून दोन मीटर’ अशी ठेवावी आणि गरजेप्रमाणे वाढवावी.

सातवी तपासणी: डोळ्यांची फसगत

कधी ॲप बरोबर असते आणि आपली अपेक्षा चुकीची असते. जास्त उंचीचे शिखर फोटोतही उंच दिसेल असे आपण धरून चालतो. कौसानीहून काढलेल्या फोटोंवर याबाबत नेहमी वाद होतो. तिथून ७१२० मीटरचे त्रिशूल सुमारे ५५ किलोमीटरवर आणि ७८१६ मीटरची नंदादेवी सुमारे ७० किलोमीटरवर आहे. कौसानीची स्वतःची उंची, अंतर आणि पृथ्वीची वक्रता हिशेबात घेतली तर त्रिशूल क्षितिजापासून सव्वापाच अंशांच्या आसपास वर दिसते आणि नंदादेवी साडेचार अंशांच्या थोडी वर. फोटोतले सर्वांत उठून दिसणारे शिखर नंदादेवीच असले पाहिजे, असे म्हणत नावे बदलून घेणाऱ्यांना मी हाच हिशेब दाखवतो.

वक्रतेचा परिणाम अंतराबरोबर फार वेगाने वाढतो. वातावरणातून प्रकाश थोडा वाकतो हे धरूनही २० किलोमीटरवर डोंगर सुमारे २७ मीटरनेच खाली गेलेला दिसतो, ५० किलोमीटरवर सुमारे १७० मीटरने आणि १०० किलोमीटरवर जवळजवळ ६८० मीटरने. चांगली ॲप हा हिशेब करतात. पण धुरके ती मोजत नाहीत. कळसूबाईवरून साल्हेर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अंतरावरच्या शिखराचे नाव पडद्यावर आले तरी मार्च-एप्रिलच्या धुरकट हवेत तिथे दिसणारी करडी रेषा त्याआधीच्या एखाद्या डोंगररांगेची असण्याची शक्यता बरीच जास्त. ॲपमध्ये दृश्यतेचे अंतर ३०-४० किलोमीटरवर आणून पाहावे. नाव गायब झाले आणि रेषा तरीही जुळत राहिली तर फोटोत दिसते ते जवळचेच आहे.

आठवी तपासणी: सुळके आणि नेढी

३० मीटरच्या चौकटीत सुळका मावत नाही. जीवधनच्या शेजारचा वानरलिंगी किंवा मनमाडजवळची हडबीची शेंडी यांसारख्या अरुंद सुळक्यांची उंची शेजारच्या उतारात मिसळून जाते आणि ॲपच्या रेषेत तिथे जेमतेम फुगवटा दिसतो. रडारची किरणे उभ्या कड्यांच्या आड पोचत नाहीत, तिथली रिकामी राहिलेली माहिती आजूबाजूच्या आकड्यांवरून भरलेली असते. प्रत्येक चौकटीला उंचीचा एकच आकडा असल्यामुळे राजगडाच्या सुवेळा माचीवरचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, किंवा रतनगडाचे नेढे ॲपला कधीच दिसू शकत नाही. आतल्या बाजूला वळलेल्या कोकणकड्याचा पोटातला भागही तसाच.

त्यामुळे बाजूच्या खिंडी जुळत असतील आणि फक्त सुळकाच रेषेत नसेल, तर ती चूक नव्हे. माहितीची मर्यादा आहे आणि तुमच्याकडून ती दुरुस्त होणार नाही. नाव हाताने लिहून मोकळे व्हावे.

नववी तपासणी: नावांची यादी

रेषा जुळली, नाव चुकले, अशा वेळी ॲपने नाव कुठून घेतले ते पाहावे. अनेक ॲप ओपनस्ट्रीटमॅपवरची शिखरांची नोंद वापरतात. तिथे एखादा गड ‘शिखर’ म्हणून न नोंदता केवळ ‘किल्ला’ म्हणून नोंदला असेल, तर शिखरांच्या यादीत तो येत नाही आणि शेजारच्या बिनमहत्त्वाच्या टेकडीचे नाव वर येते. नोंदीची खूण माथ्यापासून दोनशे मीटर बाजूला पडली असेल तरी नाव भलत्याच टोकावर बसते. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडून दुरुस्ती कोणालाही करता येते, पण ती ऐकीव माहितीवर करू नये. एकाच डोंगराला घाटावरचे गाव एक नाव देते आणि कोकणातले गाव दुसरे, असे सर्रास आढळते. दोन्ही नावे नोंदवण्याची सोय तिथे आहे.

पडताळणीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे वापरावेत. ते विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात आणि त्यांवर समोच्च रेषा, उंचीचे आकडे आणि बऱ्याच स्थानिक नावांची नोंद असते. नकाशावर उभे राहिलेल्या जागेपासून शिखरापर्यंत पट्टी ठेवून दिशा मोजावी आणि ॲपच्या आकड्याशी ताडून पाहावी. वेळखाऊ काम आहे, पण दोन नावांमधला वाद मिटवायला याहून बरा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

शेवटची आणि सर्वांत अवघड: काहीच माहिती नसलेला फोटो

आजोबांच्या पेटीतून निघालेला कृष्णधवल फोटो, मागे काही लिहिलेले नाही. इथे ॲपचा क्रम उलटा करावा लागतो: आधी शिखर ओळखायचे, मग जागा. फोटोत एक शिखर दुसऱ्याच्या नेमके पुढे आलेले दिसते का ते शोधावे. नकाशावर त्या दोन शिखरांमधून रेषा काढून ती आपल्या बाजूला वाढवली की छायाचित्रकार त्या रेषेवरच कुठेतरी उभा होता हे निश्चित होते. अशी दुसरी जोडी मिळाली तर दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. तिथे ॲपमध्ये खूण ठेवून क्षितिज काढावे आणि तीन ठिकाणी जुळवून पाहावे. यात संध्याकाळी बसलात तर मध्यरात्र होते.

कुठे थांबावे

कव्हर काढून, आठचा आकडा फिरवून, मोकळ्या मैदानातही होकायंत्र दर वेळी वेगळी दिशा दाखवत असेल, तर फोनचा संवेदक बिघडलेला आहे. ॲप बदलून, पुन्हा बसवून काही होणार नाही. फोन सेवा केंद्रात द्यावा.

तीन ठिकाणी रेषा जुळत नाही, आणि वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत, अशा वेळी नाव लिहू नये. फोटो पुस्तकात, मासिकात किंवा प्रदर्शनात जाणार असेल तर त्या भागात वर्षानुवर्षे फिरणाऱ्या जाणकार गिर्यारोहकाला किंवा पायथ्याच्या गावातल्या वाटाड्याला दाखवावा. जनावरे घेऊन रोज त्या धारेवर जाणारा माणूस फोटोतली सोंड पाहून क्षणात सांगतो, आणि त्याने सांगितलेले नाव नकाशाशी ताडून पाहता येते.

जमिनीची हद्द, बांधकामाची उंची किंवा कोर्टकचेरीतला दावा यांसाठी फोटोवरून शिखर किंवा उंची ठरवायची असेल, तर पहिल्या तपासणीच्याही आधी थांबावे. ते काम भूमापकाचे आहे. त्याच्याकडे त्यासाठीची मोजणी यंत्रे आणि नियंत्रणबिंदू असतात आणि ॲपच्या पडद्याचा फोटो पुरावा म्हणून टिकणार नाही.

वाट चुकलेली असताना समोरच्या डोंगराचे नाव ॲपमधून काढून त्यावरून उतरण्याची वाट ठरवू नये. ॲप माथ्याचे नाव सांगते. मधल्या कड्याविषयी, ओढ्याविषयी, पडलेल्या शिडीविषयी त्याला काही ठाऊक नसते. अशा वेळी आहे तिथेच सुरक्षित थांबून ११२ वर फोन करावा आणि दिसणाऱ्या शिखरांची नावे सांगण्याऐवजी फोनच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत.

आणि जाणकाराकडे फोटो पाठवायचाच असेल, तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, सोबत त्याच जागेवरून डावी-उजवीकडे काढलेले सुटे फोटो जोडावेत, तारीख आणि अंदाजे वेळ लिहावी, आणि ॲपने दिलेले नाव मात्र सांगू नये. ते आधी कानावर पडले की जाणकारही त्याच दिशेने पाहू लागतो.